खोट्या दाखल्याची सक्ती

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे मासिक साहाय्य दीड हजारांवरून अडीच हजार रुपयांवर नेले. या निर्णयाचे मनःपूर्वक स्वागत करावयास हवे. मात्र ज्यांच्या हाती हे पैसे पडावेत, त्यांना योजनेच्या दारातून आत तरी येता येते काय, या प्रश्नाची पुरेशी चर्चा झाली नाही.

या दाराला कुलपे दोन. पहिले टक्केवारीचे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांनाही त्यात स्थान दिले. लाभासाठी मात्र किमान ४० टक्के अपंगत्व लागते. केंद्राच्या निवृत्तिवेतनासाठी तर ८० टक्के. हात किंवा पाय मोजता येतो. पण सिकलसेलचा जो रुग्ण आठवडाभर वेदनेने अंथरुणाला खिळलेला असतो, तोच तपासणीच्या दिवशी चालत येतो, तेव्हा त्याचे टक्के कसे मोजावयाचे? तरीही या मोजमापास काही शास्त्रीय आधार आहे, आणि २०२४ साली बनावट प्रमाणपत्रांच्या आरोपांनी सनदी सेवेपर्यंत उडालेली खळबळ पाहता तपासणी काटेकोर असणे हे खऱ्या दिव्यांगांच्याच हिताचे आहे.

दुसरे कुलूप उत्पन्नाचे. त्याला मात्र कोणतेही शास्त्र नाही. दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असावे, ही अट साहाय्य वाढविताना तशीच ठेवण्यात आली. हिशेब साधा आहे. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातील एकाच माणसाने वर्षात १६९ दिवस खडी फोडली, की शासनाच्या लेखी ते घर सुस्थितीत आले आणि अंथरुणावरचा मुलगा अपात्र ठरला! औषधे, वाहनखर्च, सांभाळण्यासाठी आईने सोडलेली मजुरी यांचा विचार या हिशेबात कोठेही नाही.

मग लोक काय करतात, हे तलाठ्यालाही ठाऊक असते आणि तहसीलदारालाही. ४८ हजारांचा दाखला निघतो. ज्याला तो काढता येतो, त्याचे अनुदान सुरू होते. जो खरे उत्पन्न सांगतो, तो हात हलवीत परततो. प्रामाणिक माणसालाच दंड करणारी ही व्यवस्था कोणत्या न्यायात बसते?

ही मर्यादा राज्याच्या किमान वेतनाशी जोडली जावी आणि प्रौढ दिव्यांगाच्या पात्रतेत कमावत्या भावाचे उत्पन्न मोजले जाऊ नये. सेवावस्त्यांत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी केवळ अर्ज भरून देण्यावर थांबू नये. उत्पन्नाच्या कारणाने फेटाळलेल्या प्रत्येक अर्जाचे लेखी उत्तर मागून घ्यावे आणि अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी तो गठ्ठा आपापल्या आमदारांच्या मेजावर ठेवावा.