कळ आपल्या हाती, निकाल यंत्राच्या पोटी

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली की बेळगाव, कोल्हापूर, इंदूर, बडोदे येथील आपली सोयरी मंडळी गोव्याकडे वळतात. देवदर्शन होते, समुद्र होतो आणि हल्ली तिसरा हट्ट असतो तो मांडवीत उभ्या असलेल्या दिव्यांच्या जहाजांचा. ‘एकदा बघून तर येऊ’ म्हणत पाहुणे निघतात. आपण त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही, कारण १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना जुगाराच्या दालनात प्रवेशबंदी आहे. म्हणजे पाहुण्याला धक्क्यावर सोडायचे आणि घरी परतायचे. कोणत्या किनाऱ्यावर पाण्याला ओढ आहे हे आपण त्याला आवर्जून सांगतो. आतल्या स्लॉट यंत्राची ओढ कशी असते हे मात्र सांगत नाही, कारण ते आपल्यालाच ठाऊक नसते. या अंकात तेवढे सांगावे असे आम्ही ठरवले.

तीनपानी किंवा रमी निदान डोक्याने खेळतात. स्लॉट यंत्रापुढे बसलेल्याला वाटते की आपणही काही तरी करतो आहोत, कारण समोर कळा पुष्कळ असतात. त्या कळांचा अर्थ नीट समजून घेतला तर निम्मी भूल उतरते.

या यंत्राची मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतील चार्ल्स फे या कारागिराने प्रत्यक्षात आणली. तीन चाके, त्यांवर चित्रे आणि बाजूला एक दांडा. दांडा ओढला की चाके फिरत आणि यांत्रिक अडकणीने थांबत. १९६० च्या दशकात चाके विजेवर फिरू लागली, तेव्हाच दांड्याचे काम संपले होते. तरी पुढे कित्येक वर्षे तो शोभेला ठेवला, कारण ओढणाऱ्याला आपल्या हाताचा गुण वाटतो. आज त्याच्या जागी ‘स्पिन’ची कळ आहे. यंत्राच्या पोटातला संगणक सतत, यंत्रापुढे कोणी नसतानाही, सेकंदाला शेकडो आकडे तयार करीत असतो. कळ दाबल्या क्षणी जो आकडा हाती लागला तोच निकाल. त्यानंतर पडद्यावर जे फिरते ते निकाल दाखवण्यासाठी फिरते, ठरवण्यासाठी नाही. काही यंत्रांवर चाके मध्येच थांबवण्याची सोय असते. तिने फक्त चित्र लवकर थांबते. हळू दाबा, जोरात दाबा, देवाचे नाव घेऊन दाबा, फरक शून्य. ‘हे यंत्र बराच वेळ लागलेले नाही, आता लागेलच’ हाही असाच भ्रम, कारण यंत्राला मागची खेळी आठवत नाही.

ज्या कळांनी खरोखर फरक पडतो त्या वेगळ्याच. एक ‘डिनॉमिनेशन’ची, म्हणजे एका क्रेडिटची किंमत किती ते ठरवणारी. दुसरी ‘लाइन्स’ची, म्हणजे पडद्यावरच्या किती आडव्या-तिरक्या रेषांवर पैसे लावायचे. तिसरी ‘बेट’ची, म्हणजे प्रत्येक रेषेवर किती क्रेडिट. या तिघींचा गुणाकार म्हणजे एका दाबाची किंमत. पाहुणा म्हणतो, रुपयाचा खेळ आहे. समजा क्रेडिट एक रुपयाचे आहे, रेषा २५ आहेत आणि प्रत्येक रेषेवर एकच क्रेडिट आहे. मग दाब २५ रुपयांचा झाला. सहा सेकंदांत एक दाब धरला तर तासाला ६०० दाब, म्हणजे १५,००० रुपयांची उलाढाल. खिशात दोन हजार घेऊन गेलेल्या माणसाची! यंत्र सरासरी ९० टक्के परत देत असेल असे धरले तरी तासाला दीड हजाराची गळती झाली. आणि ‘मॅक्स बेट’ नावाची मोठी, चकचकीत कळ असते ती रेषा आणि बेट या दोन्ही गोष्टी एका बोटात वरच्या टोकाला नेते. नवख्याचे बोट तिच्यावर सहज पडते.

परतीच्या टक्क्यांबद्दल एक गैरसमज शिकलेल्या माणसांतही आढळतो. ९० टक्के परतावा म्हणजे हजार घेऊन गेलो तर नऊशे घेऊन येऊ, असे नव्हे. तो हिशेब प्रत्येक दाबाचा आहे. हजार रुपये एकदा फिरले की सरासरी ९०० उरतात, ते पुन्हा फिरवले की ८१०, आणि सात फेऱ्यांत निम्म्याहूनही कमी. जिंकलेले पैसे पुन्हा यंत्रातच जातात म्हणून ही गळती बसल्या जागी जाणवत नाही. शिवाय रेषा पुष्कळ असल्या की आणखी एक गंमत होते. २५ रुपये लावले आणि एका रेषेवर १० आले, तर दिवे लागतात, घंटा वाजते, आणि माणूस १५ रुपये हरल्याबद्दल खूश होतो.

‘थोडक्यात हुकले’ हीसुद्धा बनवलेली गोष्ट आहे. १९८४ साली इंगे तेल्नेस या अभियंत्याला अमेरिकेत एक पेटंट मिळाले. प्रत्यक्ष चाकावर २२ जागा दिसत असल्या तरी संगणकाच्या आतल्या चाकावर ६४ जागा ठेवता येतात, असे त्याचे सार. तीन चाकांवर प्रत्येकी एकच मोठे चिन्ह असेल तर डोळ्यांना दिसणारी शक्यता १०,६४८ मध्ये एक. आतली खरी शक्यता मात्र २,६२,१४४ मध्ये एक. आणि मोठ्या चिन्हाच्या वरखालच्या रिकाम्या जागांना आतल्या चाकावर जास्त वाटा देता येतो, म्हणून ते चिन्ह वारंवार रेषेच्या जरासे वर नाहीतर जरासे खाली थांबलेले दिसते. पाहणारा हळहळतो आणि पुन्हा दाबतो.

दोन कळा मात्र पाहुण्याच्या हिताच्या आहेत. ‘हेल्प’ किंवा ‘पे टेबल’ ही एक. कोणत्या जुळणीला किती मिळते ते तिथे कळते, आणि पैसे घालण्यापूर्वी ती दाबून पाहायला काही पडत नाही. दुसरी ‘कॅश आउट’ किंवा ‘कलेक्ट’. तिने उरलेली रक्कम हाती येते. संपूर्ण यंत्रात खेळणाऱ्याच्या खऱ्या ताब्यात असलेली कळ कुठली असेल तर ती हीच.

आता राजकारणाकडे वळू, कारण हे यंत्र गोव्यात आपोआप चालत आलेले नाही. १९७६ चा गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा जुगार रोखण्यासाठी होता. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट दिली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांचा जुगारही आला. योगायोग पाहा, त्याच १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला, पण तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. बंदीचा कायदा करणाऱ्या गोव्यात कॅसिनो आहेत, परवानगीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात नाहीत. विरोधी बाकांवरून मांडवीतल्या जहाजांविरुद्ध घसा कोरडा करणाऱ्यांनी सत्तेत आल्यावर त्याच जहाजांना मुदतवाढी दिल्या, हे वाचकांना नव्याने सांगायला नको.

आमच्याही घरांतली मुले तिथे नोकरी करतात, आणि महसुलाचा आकडा लहान नाही हेही खरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. पाहुण्याने पहिली कळ दाबण्याआधीच सरकार आपला वाटा मोजून घेते. मग त्या पाहुण्याला काय विकले जात आहे ते त्याला कळावे, एवढी जबाबदारी सरकारची नाही काय? गोमंतकीयाला दारात अडवले की कर्तव्य संपले, बेळगावकर नि इंदूरकर बुडाला तर बुडू दे, हे धोरण आम्हांला शोभत नाही. ती आपलीच माणसे आहेत.

आणि यंत्राच्या कळांवर कायद्याचा हात चालत नाही असे कोणी सांगू नये. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात किमान ७५ टक्के परताव्याची अट नियमातच आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटवरील आपोआप फिरत राहण्याची सोय बंद केली, दोन फेऱ्यांत किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे केले आणि हरलेल्या फेरीला जिंकल्यासारखा गाजावाजा करण्यास मनाई केली. नॉर्वेने तर २००७ साली सगळी यंत्रे उचलली, आणि नंतर सरकारी यंत्रे आणली ती खेळाडूच्या नावाचे कार्ड आणि तोट्याची मर्यादा घालूनच. आपल्याकडेही संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केलाच. मोबाइलवर जे घातक, ते मांडवीत उभे राहिले की निरुपद्रवी कसे होते?

जहाजे मांडवीतून हलवावीत ही मागणी जुनी आहे आणि ती आम्ही सोडलेली नाही. ती मान्य होईपर्यंत गेमिंग आयुक्तांनी निदान एवढे सक्तीचे करावे: एका दाबाची किंमत क्रेडिटमध्ये नव्हे तर रुपयांत, ठळक अक्षरांत, पडद्यावर सतत दिसावी. त्या यंत्राच्या परताव्याची टक्केवारी मराठी, कोकणी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत दर्शनी भागावर लावावी. ‘कॅश आउट’ची कळ ‘मॅक्स बेट’एवढीच मोठी असावी. आणि आल्यापासून किती गेले, किती आले, हा आकडा दर अर्ध्या तासाने पडद्यावर यावा. येत्या विधानसभा अधिवेशनापूर्वी प्रत्येक वाचकाने आपल्या आमदाराला या चार मागण्यांचे पत्र पाठवावे, आणि मिळालेले उत्तर मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. आलेली उत्तरे आणि न आलेल्यांची नावे, दोन्ही आम्ही पुढच्या अंकात छापू.