चित्रकलेचा तास नेमका कोणासाठी?

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन काम शिकायचं. कागदावर वाचताना मला हे आवडलं होतं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात हत्यारं होती, पुस्तकं नव्हती. त्या हत्यारांना शाळा ज्ञान म्हणणार असेल तर वाईट काय? पण दिल्लीत राहून हे प्रत्यक्षात उतरताना पाहतो तेव्हा एक प्रश्न पाठ सोडत नाही. कोणाच्या मुलाने कोणाचं काम शिकायचं, हे कोण ठरवतं?

महागड्या खासगी शाळेची मुलं बसमधून उत्तम नगरच्या कुंभार वस्तीत येतात, चाकावर हात फिरवतात, फोटो काढतात, परत जातात. त्यांच्यासाठी ती सहल असते. एका सरकारी शाळेत मात्र मी वेगळंच ऐकलं. वडील चपला शिवतात अशा मुलाला गुरुजी म्हणाले, "तुला शिकवायला काय लागतं? घरातच आहे की तुझ्या." गुरुजी भले माणूस, कौतुकानेच बोलले. हीच तर खरी अडचण आहे. द्वेषाला उत्तर देता येतं, या कौतुकाला काय उत्तर द्यायचं?

हे कौतुक जुनं आहे. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. अर्धा दिवस शाळा आणि उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकायचा. पेरियारांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण, म्हणून उघडं पाडलं. आंदोलन पेटलं, 1954 मध्ये राजाजींना पद सोडावं लागलं आणि कामराजांनी योजना गुंडाळली. सत्तर वर्षांनी, 17 सप्टेंबर 2023 रोजी, आमच्या दिल्लीत द्वारकेला पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचं उद्घाटन झालं. अठरा व्यवसाय, अट कुटुंबातल्या पारंपरिक कामाची, किमान वय 18. अठराव्या वर्षी मूल बारावी होऊन कॉलेजच्या दारात उभं असतं. तमिळनाडू सरकारने नेमकं यावर बोट ठेवलं. कौटुंबिक धंद्याची अट काढा, वय 35 करा, असं सुचवलं आणि ते मान्य झालं नाही तेव्हा योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. महाराष्ट्रात, फुल्यांच्या महाराष्ट्रात, यावर म्हणावी तशी चर्चासुद्धा झाली नाही.

मग हाताचं काम शाळेत नकोच, असं काही मित्र म्हणतात. आजोबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, बापाने गाव सोडलं, आता नातवाच्या हातात पुन्हा रापी कशाला? त्यांची चीड मला समजते. निष्कर्ष मात्र पटत नाही.

कारण आपल्या माणसांनी हत्यार कधीच नाकारलं नव्हतं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या मुलांना शिकवणारा शिक्षक त्यांच्यातलाच असावा, वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस धरायला त्याला लाज वाटू नये, अशी त्यांची मागणी होती. नीट पाहा, वाकस आधी शिक्षकाच्या हातात हवा होता. बाबासाहेबांनी 1942 मध्ये व्हाइसरॉयना अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाबरोबर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या होत्या. तेही हाताचंच काम होतं. फरक एवढाच, की त्या यंत्राला जात चिकटलेली नव्हती आणि तिथे शिकलेल्याला पगार आणि बढती होती.

आता चित्रकलेकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. शिक्षणहक्क कायदा, 2009 ची अनुसूची काढून वाचा. सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरहून जास्त मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी निदेशक हवेत, पण तेही अंशकालीन. गणिताचा शिक्षक कायम, चित्रकलेचा तासावर. शंभरच्या आतली शाळा असेल तर तेवढंही बंधन नाही. अशा शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे ज्या विषयाचा अभ्यासक्रम मागे पडला असेल त्याचा तास, हे सांगायला नको.

याची किंमत कुठे मोजावी लागते? हौज खासला निफ्ट आहे, 1986 साली स्थापन झालेली. तिथे चामड्याच्या वस्तूंचं डिझाइन हा पदवीचा विषय आहे, फी लाखांत. थोड्याच अंतरावर करोल बागेतल्या रैगरपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चामडं कापणारी, शिवणारी घरं आहेत. चामडं तेच. मधली भिंत म्हणजे प्रवेशपरीक्षा, जिच्यात रेखाटून दाखवावं लागतं. राखीव जागा आहेत, पण आठवीपर्यंत ज्याला पेन्सिल धरायला कोणी शिकवलं नाही तो त्या जागेपर्यंत पोचणार कसा? शिकवणी लावायला पैसे हवेत. दिल्ली सरकारने 2021 मध्ये विशेष शाळा काढल्या, त्यांत नववीपासून दृश्यकलेची शाखा ठेवली, हे चांगलंच झालं. पण तिथेही निवड चाचणीने होते आणि चाचणीआधीच्या आठ वर्षांचं काय, हा प्रश्न राहतोच. मुंबईत वाढलेल्यांना निदान एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा ठाऊक असतात, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. इथल्या वस्त्यांतल्या मुलांना तेवढाही जिना नाही.

सीबीएसईच्या कौशल्य-विषयांच्या यादीत कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, तसंच रिटेल, सुरक्षा, ब्युटी अँड वेलनेसही आहे. यादी एकच, पण कोणत्या शाळेत कोणता विषय येतो ते तुमच्या भागात फिरून बघा. पहारेकरी होणं कमीपणाचं नाही. पण एका वस्तीच्या मुलांपुढे तेवढंच ठेवायचं, हे मला मान्य नाही.

मला हवी ती शाळा सोपी आहे. चित्रकला आणि कार्यशाळेसाठी कायम पद. सुतारकाम, वीजकाम, शिवण, माती, चामडं, छपाई ही कामं प्रत्येक मुलामुलीने आळीपाळीने करायची. वर्गवाटप करताना बापाचा धंदा विचारायचा नाही. कुंभार किंवा मोची शाळेत आला तर तो शिक्षक म्हणून येईल, हजेरीपटावर सही करेल आणि मानधन घेईल.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. आपल्या वस्तीतल्या पालकांना ही कागदपत्रं वाचायची सवय नाही. आपल्याला आहे. तुमचा भाचा किंवा शेजारणीचं मूल ज्या सरकारी शाळेत जातं, तिथल्या समितीच्या पुढच्या बैठकीला त्या आईबरोबर जा. वेळापत्रक मागा. कला आणि कार्यानुभवाचे तास किती, ते कोण घेतं, ती जागा मंजूर आहे की रिकामी, आणि दप्तराविना दिवसांत कोणत्या मुलाला कुठे पाठवलं, हे लेखी विचारा. उत्तराची प्रत या सदराकडे पाठवा.