मुलांच्या जबड्यातील सिस्ट : घाईचा उपचार आणि सबुरीचा उपचार

दुधाचा दात वेळेवर पडला नाही, तर घरातील वडीलधारी माणसे सहसा काळजी करीत नाहीत. ‘पडेल आपोआप’ असे म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. परंतु उजव्या बाजूचा दुधाचा दात पडून त्या जागी पक्का दात आला, आणि डाव्या बाजूचा तोच दात सहा महिने उलटले तरी जागचा हलत नाही, असे दिसले की जबड्याची क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. दुखत नाही म्हणून थांबू नये. ज्या विकाराविषयी आज लिहीत आहे, तो मुळात दुखतच नाही.

जबड्याच्या हाडात पातळ अस्तराची, द्रवाने भरलेली एक पिशवी तयार होते. तिला सिस्ट म्हणतात. मुलांमध्ये ती बहुधा दोन कारणांनी होते. किडून मेलेल्या दाताच्या मुळाशी ती धरते, किंवा हाडात दडून असलेल्या, अजून बाहेर न आलेल्या पक्क्या दाताच्या माथ्याभोवती वाढते. पिशवीतील द्रव भोवतालचे पाणी आत ओढून घेतो, आतला दाब वाढतो, आणि त्या दाबाने हाड हळूहळू झिजते. पक्का दात वर येण्याऐवजी खाली ढकलला जातो. शेजारचे दात कलतात, गाल किंचित फुगल्यासारखा दिसतो. पुष्कळदा हे दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या क्ष-किरण चित्रात, अचानक लक्षात येते. लहान मुलाच्या हिरडीवर दात येण्यापूर्वी दिसणारा निळसर फुगा मात्र वेगळा. तो बहुधा दात वर येताना आपोआप फुटतो, त्याची भीती बाळगू नये.

माजरी येथील आमच्या एका नातलगांच्या अकरा वर्षांच्या नातवाला गेल्या वर्षी हाच विकार निघाला. माजरी हे कोळशाच्या खाणींचे गाव. नागपूर–बल्लारशाह मार्गावरून वणीकडे जाणारा रेल्वेचा फाटा येथूनच फुटतो. घरचे किराणा दुकान. खालच्या जबड्यात डाव्या बाजूला पिशवी होती, आणि दोन पक्क्या उपदाढा तिच्या तळाशी, जबड्याच्या कडेपर्यंत गेलेल्या. पहिल्या ठिकाणी सल्ला मिळाला की पिशवी आणि दोन्ही दात एकदमच काढून टाकावेत. आजोबांना तो पटला. ‘एकदाच काय ते संपवा,’ हा व्यापाऱ्याचा स्वभाव, आणि इतर बाबतींत तो वाईटही नाही. मुलाच्या आईने मात्र नागपूरला दुसरे मत घेण्याचा आग्रह धरला. तेथे सांगण्यात आले की पिशवीला फक्त खिडकी पाडू आणि वाट पाहू.

ही पद्धत काही नवी नाही. ब्रेस्लाऊ येथील शल्यविशारद कार्ल पार्त्श यांनी 1892 मध्येच ती मांडली होती. पिशवी समूळ काढायची नाही. तिच्या भिंतीला तोंडाच्या बाजूने छिद्र ठेवायचे, म्हणजे आतला दाब उतरतो. दाब उतरला की कडेकडेने नवे हाड भरत येते आणि पोकळी आक्रसते. वाढत्या वयात हाड भरून येण्याची शक्ती मोठी असते. दडपलेल्या दाताचे मूळ अजून पूर्ण झाले नसेल, तर तो पुष्कळदा आपणहून वर सरकतो. न सरकल्यास तारेच्या साहाय्याने ओढून आणता येतो. उलट मोठी पिशवी एकदम खरवडून काढताना पक्क्या दातांचे अंकुर जाऊ शकतात, खालच्या ओठाला संवेदना देणारी नस दुखावू शकते, आणि हाड फारच पातळ झाले असेल तर जबडा मोडण्याचाही धोका असतो. बँकेत आम्ही आजारी पण चालू शकणाऱ्या कारखान्याचा लिलाव पुकारण्याआधी हप्ते बांधून देत असू, त्याची येथे आठवण होते. मात्र त्यासाठी हप्ता नियमित यावा लागतो.

येथेच खरी अडचण आहे. छिद्र उघडे राहावे म्हणून त्यात औषधाची पट्टी, नळी किंवा प्लॅस्टिकची बुची बसवतात. पोकळी दररोज पिचकारीने धुवावी लागते. ठरावीक अंतराने दाखवायला जावे लागते आणि पोकळी लहान होईल तशी बुचीही लहान करून घ्यावी लागते. हे सहा महिने ते वर्षभर चालते. माजरीहून नागपूरला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो, मुलाची शाळा बुडते, दुकानावरचा एक माणूस कमी होतो. ऐन दिवाळीच्या गर्दीत या मुलाची बुची निसटली. ‘सण झाल्यावर पाहू’ असे झाले असते, तर छिद्र मिटून पिशवी पुन्हा भरू लागली असती. आईच्या त्याच संध्याकाळी लक्षात आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती मुलाला घेऊन निघाली.

आपल्या घरांत उकळलेले पाणी असतेच. ते कोमट करून, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे मीठ घालून धुण्यासाठी वापरता येते. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्ताआधी जेवण आटोपताच पोकळी धुऊन घेतली, तर रात्रभर अन्नाचे कण आत राहत नाहीत. प्रतिजैविकांच्या वेळा मात्र आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात, आपल्या सोयीने बदलू नयेत.

सबुरीचा उपचार प्रत्येकालाच लागू पडतो, असे नाही. पिशवी लहान असेल आणि दातांना धोका नसेल, तर ती एकदाच काढणे सरळ. शिवाय क्ष-किरण चित्रात सिस्टसारखा दिसणारा विकार कधी अमेलोब्लास्टोमा नावाचा अर्बुद निघतो, म्हणून अस्तराचा तुकडा बायोप्सीसाठी पाठवलाच पाहिजे. खिडकीतून मिळालेल्या तुकड्यावर सगळ्या पिशवीचा निर्णय द्यावा लागतो, हा या पद्धतीचा उणेपणा. तो डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावा. केराटोसिस्ट नावाचा प्रकार पुन्हा पुन्हा उद्भवतो. त्यात खिडकी पाडून आकार कमी केल्यावर उरलेली पिशवी काढावी लागते आणि पुढे कित्येक वर्षे तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. एकाच मुलाच्या जबड्यात असे अनेक सिस्ट निघाले तर तो गॉर्लिन यांच्या नावाने ओळखला जाणारा आनुवंशिक विकार असू शकतो. मग भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी होते.

मुलगी असेल, तर काही घरे हे लपवतात, उद्या स्थळे यायची आहेत म्हणून. त्यापायी तपासणीच्या तारखा चुकतात. आज खिडकी पाडून जो चेहरा वाचला असता, तो उद्या अर्धा जबडा काढून पुन्हा उभा करावा लागला, तर तेव्हा कोणते स्थळ विचारणार आहे?

चंद्रपूर, गडचिरोलीकडील कुटुंबांना नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथील शरद पवार दंत महाविद्यालय या जवळच्या जागा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यात मुलांचे दातही पाहतात. त्या दिवशी मुलाला दुकानात बसवून ठेवू नये. प्रत्येक ओपीजीवर तारीख घालून, बायोप्सीच्या अहवालासह ती एकाच फाईलमध्ये ठेवावी. हाड किती भरले, हे मागचे आणि आजचे चित्र शेजारी ठेवल्यावाचून कोणालाच सांगता येत नाही.

माजरीच्या त्या मुलाची एक उपदाढ दहाव्या महिन्यात हिरडीतून वर आली. दुसरी अजून आडवी आहे. तिला तार लावायची की आणखी थांबायचे, हे येत्या तपासणीत ठरेल.