पाठ तीच, चित्र नवे

संग्राह्य पत्त्यांच्या खेळात, म्हणजे ज्यात प्रत्येक खेळाडू स्वतः जमवलेल्या पत्त्यांतून आपला जोड बांधतो अशा खेळात, मूळ नियम कायम ठेवून आणलेल्या नव्या पत्त्यांच्या समूहाला विस्तार-संच म्हणतात. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला आणि त्याच डिसेंबरात ‘अरेबियन नाइट्स’ हा त्याचा पहिला विस्तार-संच निघाला. त्याची पाठ निराळ्या रंगाची ठेवण्याचा मूळ बेत होता. परंतु तसे झाले असते तर जुन्या पत्त्यांत पिसलेले नवे पान पाठीवरूनच ओळखू आले असते, म्हणून अखेरीस पाठ तीच राहिली आणि नावीन्य समोरच्या बाजूपुरते ठेवण्यात आले.

सांगाडा तोच आणि चित्रे नवी, ही रीत गंजिफा रंगवणाऱ्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांना जुनीच आहे. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेली गोल पाने, बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनकडे पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगल गंजिफ्यात ८ रंग आणि प्रत्येक रंगात राजा, वजीर व १ ते १० ही १२ पाने, अशी एकूण ९६ पाने असत. दशावतारी गंजिफ्यात बारा पानांचा हा सांगाडा जसाच्या तसा राहिला, मात्र ताज, शमशेर, गुलाम या रंगांच्या जागी मत्स्य, परशुराम, राम असे १० अवतार आले आणि संच १२० पानांचा झाला. नवग्रहांचा संच १०८ पानांचा, तर राशींचा १४४ पानांचा. दिवसा खेळताना रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने डाव उघडावा, हा संकेतही मोगल खेळातील दिवसा सुर्ख आणि रात्री सफेद या रंगाने डाव उघडण्याच्या संकेताचेच नवे रूप होय. फरक इतकाच की गंजिफ्याची पेटी पूर्ण संचानिशी हाती येते, तर विस्तार-संचाच्या बंद पाकिटात कोणते पान निघेल हे घेणाऱ्याला ठाऊक नसते.

चित्र बदलले की नावही बदलते, आणि नावाला अर्थ असतो. ‘मॅजिक’चा भारतीय वळणाचा विस्तार-संच सप्टेंबर २०१६ मध्ये ‘कलादेश’ या नावाने आला. त्यात घीरापूर हे कारागिरांचे नगर होते आणि ‘वाहन’ हा पत्त्यांचा नवा प्रकारही होता. कला आणि देश यांचा हा समास रोमन लिपीत उतरला, तेव्हा त्यातून हिंदीतील ‘काला देश’ हा अर्थही वाचता येऊ लागला. पुढे संचातील त्या काल्पनिक प्रदेशाचे नाव बदलून ‘आविष्कार’ करण्यात आले आणि फेब्रुवारी २०२५ च्या ‘ईथरड्रिफ्ट’ संचात तो याच नावाने आला.

मराठीत हा घोटाळा उद्भवलाच नसता, कारण ‘कला’ आणि ‘काळा’ या शब्दांत एका मात्रेचे आणि एका ळकाराचे अंतर आहे. रोमन अक्षरांत ही दोन्ही अंतरे बुजतात. मराठी शाळेत बाराखडी गिरवणारे मूलही हा भेद कानाने ओळखते. सावंतवाडीचा चितारी ज्या भाषेत खेळ चाले त्याच भाषेत अवतारांची नावे जाणत असे, त्यामुळे त्याला रंगाचे नाव मागाहून बदलण्याची पाळी आली नाही. दूरच्या कचेरीत रचलेल्या संचाला मात्र तेवढ्यासाठी आठ वर्षे लागली.