'बौद्ध' हा शब्द तरी नीट लिहू या!

ठाण्यात टेंभी नाक्यावरून कोर्ट नाक्याकडे, बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला १४ एप्रिलला निघाले की दोन्ही बाजूंना फलकच फलक दिसतात. मन भरून येते. मात्र गेल्या जयंतीला आपल्याच एका मंडळाच्या फलकावर मी मोजून सात चुका वाचल्या. 'जयंती'ची 'जंयती' झाली होती, 'अभिवादन'चे 'अभीवादन', 'भीमराव'चे 'भिमराव' आणि 'बौद्ध'चे 'बौध्द'. खाली उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला हे दाखवले. तो म्हणाला, "काका, भावना पोचली ना? शुद्धलेखन त्यांचं. आपल्याला हिणवायलाच काढलंय ते."

पोराचे म्हणणे खोटे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून त्यांच्या विचारांना उत्तर देण्याऐवजी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांच्याच अक्षराला हसायचे, ही मनुवादी रीत जुनीच आहे. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्दसुद्धा विटाळाच्याच व्यवहारातले! म्हणून आपल्या माणसाला शुद्धलेखन म्हटले की राग येतो, आणि तो यावाच.

परंतु या रागाच्या आड आपण आपला आळस लपवीत आहोत काय? बोलीत लिहिणे ही चूक नव्हे, हे आधी ठणकावून सांगितले पाहिजे. बाबुराव बागुलांनी, नामदेव ढसाळांनी, दया पवारांनी वस्तीतली भाषा जशीच्या तशी साहित्यात आणली आणि मराठी भाषाच मोठी केली. त्यांनी एकेक शब्द जाणूनबुजून, तोलून वापरला. 'जंयती' ही कुठल्या वस्तीची बोली? ती कुणीही तशी बोलत नाही. तो निव्वळ निष्काळजीपणा आहे. बागुल-ढसाळांचे नाव सांगून तो खपवणे हा त्यांचाही अपमान आहे.

बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, पर्शियन घ्यावी लागली. म्हणून त्यांनी भाषेवर राग धरला नाही. संस्कृत स्वतःच्या कष्टाने शिकले आणि धर्मग्रंथांची चिरफाड मुळातून वाचून केली. 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने त्यांनी एकहाती लिहिले. एवढेच नव्हे, तर पाली भाषेच्या व्याकरणावर आणि शब्दकोशावर त्यांनी काम केले. शासनाने त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात ते छापले आहे. व्याकरण हे ब्राह्मणांचे, म्हणून ते आपले नव्हे, असे बाबासाहेब कधी म्हणाले नाहीत. जे नाकारले गेले, ते त्यांनी हिसकावून घेतले.

आणि कागदावरचे एक चिन्ह माणसाचे काय करू शकते, हे गोवारी समाजाला विचारा. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असे छापलेले आहे. मध्ये स्वल्पविराम हवा होता, असे गोवारींचे म्हणणे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या हक्कासाठी ते नागपूरला विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले आणि चेंगराचेंगरीत ११४ जणांचा बळी गेला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. यादी छापली आहे तशीच वाचायची, तिच्यात न्यायालयाला भर घालता येत नाही, असा कायदा आहे. एवढ्याशा स्वल्पविरामावर एका समाजाच्या पिढ्या अडकून पडल्या! जातीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाची वेलांटी चुकली, म्हणून पडताळणीसाठी खेटे घालणारी पोरे तर आपल्याच वस्तीत आहेत. सरकारी कचेरीत 'भावना पोचली' असे म्हणून चालत नाही.

आता 'बौद्ध' या शब्दाविषयी. त्यात 'द' अर्धा आणि 'ध' पूर्ण आहे. 'बुद्ध', 'प्रबुद्ध', 'सिद्धार्थ' हे शब्दही तसेच. डीटीपीवाला सवयीने अर्धा 'ध' आधी मारतो, आपण तपासत नाही आणि तेच पत्रिकेवर, फलकावर, विहाराच्या पाटीवर कायमचे कोरले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा देऊन बाबासाहेबांनी आपल्याला हे नाव दिले. एका विद्यापीठाच्या नावासाठी या समाजाने १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढा दिला, घरे जाळून घेतली, माणसे गमावली. नावाची किंमत ज्यांनी रक्ताने मोजली, त्यांनी स्वतःचे नाव चुकीचे लिहावे काय?

उपाय अवघड नाही. प्रत्येक मंडळाने जयंतीच्या तयारीत एक काम नेमून द्यावे: मजकूर छापायला जाण्यापूर्वी दोघांनी वाचायचा. वस्तीतल्या शिक्षकाला, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला बोलवा. विहारात रविवारी तासभर अर्ज, निवेदन, माहितीचा अधिकार कसा लिहायचा ते शिकवा. कुणी चुकले तर हसू नका. हसणे ही चिपळूणकरांची परंपरा आहे. हाताला धरून शिकवणे ही सावित्रीमाईची आणि जोतीरावांची.

आपल्या लेखणीला हसण्याची संधी आता कुणालाही देता कामा नये. जय भीम!