चार्ज यादीत न आलेले एक पान

काही वर्षांपूर्वी ईशान्येकडील एका राज्यात केंद्र सरकारच्या एका कार्यालयाचा चार्ज मी घेतला. चार्ज देता-घेतानाच्या यादीत तिजोरीच्या किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या, वाहने, इतकेच नव्हे तर छताचे पंखेही मोजलेले होते. मी समाधानाने सही केली. दोनच महिन्यांनी एका निवृत्त शिपायाच्या पेन्शनचे कागद वरिष्ठ कार्यालयाला ई-मेलने पाठवायचे होते आणि मेल काही जाईना. ब्राउझर मात्र व्यवस्थित चालत होता. तीन दिवस मला एकच उत्तर मिळत राहिले : "साहेब, वरूनच बंद आहे."

वरून काहीही बंद नव्हते. आमचे संगणक प्रॉक्सी सर्व्हर या मध्यस्थामार्फत बाहेरच्या जगाशी बोलत आणि त्या मध्यस्थाचा पत्ता बदलला होता. ब्राउझरमध्ये नवा पत्ता भरला गेला, मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनाच राहिला. तेथे वेगळे सेटिंग असते हे ठाऊक असलेला एकमेव कर्मचारी बदलून गेला होता.

विषय वाटतो तितका गहन नाही. वेब प्रॉक्सी मुख्यतः संकेतस्थळांच्या वाहतुकीसाठी असतो. मेल आणणारा आयमॅप आणि पाठवणारा एसएमटीपी यांचे व्यवहार निराळे. सुरक्षित जोडणीत ते बहुधा अनुक्रमे ९९३ आणि ५८७ या पोर्टांवरून चालतात. त्यांना एकतर सॉक्स जातीचा प्रॉक्सी लागतो, नाहीतर फायरवॉलमधून थेट वाट. शिवाय क्रोम सर्वसाधारणपणे संगणकाचेच सेटिंग वापरतो. फायरफॉक्स आणि थंडरबर्ड यांना स्वतःचे वेगळे ठेवता येते. म्हणून एका ठिकाणची दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही.

ब्राउझरपुरता यावर उपाय नेटस्केपने १९९६ सालीच आणला होता : नियम एका फाईलमध्ये लिहावेत आणि प्रत्येक ब्राउझरने ते तेथून वाचावेत. आपल्या परिपत्रकामागील कल्पना याहून वेगळी ती काय?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात माहितीची विषमता दिसते. ज्ञान एकाकडे आणि त्याच्या अभावाची किंमत मोजणारा दुसराच. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला लिहून ठेवायला कोणी सांगितलेच नव्हते. पंखे मोजलेल्या यादीवर सही करणारा मीही त्यातलाच.

सुरक्षिततेचा आक्षेप मला मान्य आहे. पासवर्ड कागदावर नकोतच. परंतु प्रॉक्सीचा पत्ता, पोर्ट, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये तो कोठे भरला आहे, कोणते पत्ते प्रॉक्सीतून वगळले आहेत, शेवटचा बदल कधी आणि कोणाच्या आदेशाने झाला, एवढे एक पान कुलपात ठेवून चार्जसोबत सोपवण्यास काय हरकत आहे?

चौथ्या दिवशी मेल गेला. त्या तीन दिवसांत तो वृद्ध शिपाई रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसत होता. प्रॉक्सी म्हणजे काय हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला ते असायला हवे होते.