गळा कुणाचा, नाव कुणाचं?

लिंबागणेशला आमच्या गटातल्या एका मावशींच्या ओसरीवर आम्ही सातआठ जणी मोबाईलच्या एवढ्याशा पडद्याभोवती डोकी लावून बसलो होतो. वर्षभरापूर्वी एका शिबिरात मावशींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या आणि कुणीतरी त्या टिपून घेतल्या होत्या. आता त्यांची 'कलाकृती' झाली होती. पडद्यावर ओवीची अक्षरं उमटत होती. मागं बासरी, ढोलकी. चित्रात नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक गोरीपान तरुणी हसतमुखानं जातं ओढत होती. गात होती शहरातली कुणी शिकलेली गायिका. शेवटी नावं आली. संकल्पना, चित्र, संगीत, स्वर, प्रत्येकापुढं एकेक नाव. शब्दांपुढं लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

मावशींनी ते दोनदा पाहिलं. मग म्हणाल्या, "गाणं ग्वाड झालंय. पन माजा गळा कुठंय गं ह्याच्यात?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "आन् मला पुसायचं तरी व्हतं की."

ज्यांनी हे केलं ते चळवळीला परके नाहीत, हेतूही वाईट नव्हता. म्हणूनच हा प्रश्न आपल्या अंकात मांडावासा वाटतो.

आधी त्या 'पारंपरिक' शब्दाकडे पाहू. त्या ओव्यांपैकी दोन मावशींनी स्वतः रचलेल्या आहेत. थोरल्या लेकीला कोवळ्या वयात उजवून कोयत्यावर धाडलं, त्याबद्दलच्या. आमच्या बीड जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती जोडीला, म्हणून ऊसतोडीला जायच्या आधी पोरीपोरांची लग्नं उरकण्याची घाई होते. त्या कोयत्यामागं किती सोसणं असतं ते २०१९ साली साऱ्या राज्याला कळलं. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मावशींची ओवी या जगण्यातून आलेली आहे. तिला 'पारंपरिक' म्हटलं की ती शेकडो वर्षांपूर्वीची, कुणाचीच नसलेली होते. दुःख जुनं झालं की त्याचा जाब कुणाला विचारायला नको.

आता गळ्याकडे येते. ओवी असते दोन-तीन ओळींची. कागदावर क्षणात वाचून होते. जात्यावर मात्र पहिली ओळ फिरून फिरून येते, मध्ये 'बाई', 'सांगते', 'गं' असे शब्द गुंफले जातात, समोर बसलेली दुसरी ती उचलते, तोवर खुंट्यावरचा हात बदललेला असतो. लय ठरते ती दमलेल्या दंडातून आणि श्वासातून. प्रत्येक बाईची चाल निराळी, त्या चालीला गाणाऱ्या बाया 'गळा' म्हणतात. घरघर हेच वाद्य. म्हणजे शब्द, संगीत आणि दृश्य एकत्र आणण्याची कल्पना नवी नाहीच. जात्यावर तिन्ही एकत्रच होती. आपण ती आधी वेगळी केली आणि आता आपल्या सोयीनं पुन्हा शिवतो आहोत. गंगाखेडच्या जनाबाईबरोबर विठ्ठल जातं ओढतो, ते चित्र तुमच्यापैकी अनेकींनी घरच्या भिंतीवर पाहिलं असेल. त्यात निदान राबणारे हात कुणाचे आहेत ते दिसतं. आमच्या पडद्यावरच्या तरुणीच्या हाताला घट्टे नव्हते.

हे वेगळ्या रीतीनं करता येतं, याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांच्या ओव्या गोळा केल्या. पुढं संगीताचे अभ्यासक बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि ध्वनिमुद्रण सुरू झालं. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आहे. १९९६ साली ही मंडळी माजलगावच्या भीमनगर वस्तीत गेली. तिथल्या दलित बायांनी बाबासाहेबांवर, रमाईवर, बुद्धावर ओव्या गायल्या. देवाधर्माच्या जात्यावर त्यांनी नवा विचार दळला. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं या ओव्या प्रसिद्ध केल्या. लिहिलेली ओवी, तिचा अनुवाद, गाणारीचा मूळ आवाज आणि तिचा फोटो असं सारं एकत्र. सोबत तिचं नाव, गाव, काम. त्यासाठी माणसं वीस वर्षांनी पुन्हा त्या गावी गेली, बायांना शोधून काढलं. काही जणी तोवर वारल्या होत्या. राधाबाई बोऱ्हाडे यांची ओवी आज राधाबाई बोऱ्हाडे यांच्या नावानं आणि आवाजात ऐकता येते. तिथं वेगळी गायिका लागली नाही.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही खरे आहेत.

पहिला असा की ओवी कधी एकीची नव्हतीच. एकीनं म्हटली, दुसरीनं उचलली, तिसरीनं लेकाचं नाव बदललं. मग नाव लावणं म्हणजे मालकी सांगणं नाही का? मला वाटतं, जात्यावर सगळ्याच बिननावाच्या होत्या म्हणून ते वाटून घेणं होतं. इथं चित्रकाराला नाव आहे, वादकाला आहे, फक्त ओवीवालीला नाही. याला वाटून घेणं कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप आमच्या गटातल्या एका तरुण सुनेनं काढला. "आत्या, सासूवर ओवी म्हटली आन् खाली माजं नाव आलं, तर मला घरात राहू देतील का?" बरोबर आहे. नाव लावणं हा नियम करून चालणार नाही. पण नाव झाकायचं की सांगायचं, हे तिनं ठरवायचं. 'पारंपरिक' लिहिणारानं परस्पर ठरवायचं नाही.

कायदाही इथं अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क आले. त्याच्या व्याख्येत गायक, नर्तक यांच्याबरोबर गारुडीही आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही दिला. गारुड्याला जे मिळतं ते जात्यावर गाणाऱ्या बाईला का मिळू नये? पण कोर्टाची पायरी चढण्याआधी, विचारण्याची साधी रीत आपल्यात असायला हवी.

चळवळीनं लोकचालींचा उपयोग नेहमीच केला. १९८३ साली 'मुलगी झाली हो' गावोगावी पोचलं ते गाण्यांच्या बळावर. तरुण मुली ऐकतील असं नवं संगीत, नवी चित्रं हवीतच. म्हणून आमच्या गटानं चार गोष्टी ठरवल्या आहेत, तुम्हीही त्यावर बोला. ओवी घेताना ती कुठं, कशी वापरणार ते गाणारीला सांगायचं. तिचा आवाज काढून दुसरा घालायचा नाही, वाद्यांनी तिच्या लयीनं चालायचं. चित्र कसलं असावं ते तिला विचारायचं. आणि बाहेर जाण्याआधी पहिल्यांदा तिनं पाहायचं. मानधन द्यायचं असेल तर सगळ्यांबरोबर तिलाही.

आम्ही मावशींना विचारलं, तुमच्या ओवीला चित्र कसलं हवं? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, "पोरीच्या साळंच्या दप्तराचं. खुंटीला तसंच हाय अजून."